सुनेसाठी स्थळ

लग्न ठरायच्या आधी अक्षता पहिल्यांदा विश्रांतवाडीच्या त्या घरी गेली, तेव्हा तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, ओव्हाळ गुरुजींनी, तिला एकच प्रश्न विचारला. पगार नाही, गाव नाही, वडील काय करायचे तेही नाही. चौथीत तुला शिकवायला कोण होतं, एवढंच. अक्षताला नाव काही आठवेना. भंडाऱ्याहून एकटी पुण्याला येऊन कल्याणीनगरच्या एका कंपनीत नोकरीला लागलेली मुलगी ती. पन्नास प्रश्नांची उत्तरं तिनं मनात तयार ठेवली होती, त्यात हा नव्हता.

"चालायचंच," गुरुजी म्हणाले. "आम्हाला कोणी लक्षात ठेवत नाही." आणि त्यांनी चहाची कपबशी तिच्यापुढं सरकवली.

परत जाताना येरवड्याच्या चौकात तिला नाव आठवलं. वेणूबाई शेंडे. ती तशीच रिक्षातून उतरली, पीसीओवरून होणाऱ्या नवऱ्याला, अभयला, फोन केला आणि नाव सांगितलं. अभयनं हसत फोन वडिलांच्या हातात दिला. मग गुरुजी म्हणाले, "झालं तर मग. ये आता."

गुरुजी, म्हणजे सुखदेव ओव्हाळ, मूळचे लोणी काळभोरचे, जन्म एक्केचाळीस सालचा. गावाबाहेरच्या वस्तीत वाढले. ते पंधरा-सोळा वर्षांचे असताना सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला आणि त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं त्या दिवसापासून सोडली ती सोडलीच. उद्या काय खायचं, हे कोणालाच माहीत नव्हतं. "तू शिक. बाकीचं आमी बघतो, दोन हात हायेत," असं वडील म्हणाले होते. गुरुजी हे वाक्य सांगायचे ते अगदी सपाट आवाजात, बातम्या वाचाव्यात तसं. आवाज जरा हलला तर पुढचं सांगता येत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

सदतीस वर्षं त्यांनी महापालिकेच्या शाळांत नोकरी केली, त्यातली बहुतेक कसबा पेठेतल्या एकाच शाळेत, आणि मागून घेतलेल्या चौथीच्याच वर्गावर. चौथीपर्यंत पोर हातात असतं, पुढं ते जगाचं होतं, असं त्यांचं मत. वर्गात कुंभारांची, बुरुडांची, तांबटांची मुलं. एखादा दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजींची सायकल त्याच्या बोळात. बापानं पोराला कामाला जुंपलेलं असलं, तरी ते बापाशी भांडायचे नाहीत. तिथंच ओट्यावर बसून पोराचा पाढा घ्यायचे, शुद्धलेखन घ्यायचे. बापाला लाज वाटेपर्यंत बसायचे. शेवटी बाप म्हणायचा, न्या हो गुरुजी याला उद्यापासून, पण उठा आता.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी अभय, त्यांचा एकुलता एक मुलगा, हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. दोन हजार एक साली अक्षता सून होऊन आली. तीन साली पायल झाली. घर दोन खोल्यांचंच, पण गुरुजींना आणि त्यांच्या बायकोला, शालनताईंना, ते पहिल्यांदाच भरल्यासारखं वाटत होतं.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात अभयला ताप आला. शुक्रवारी आला, शनिवारी वाढला. गुरुजींनी त्याला घरी थांबायला सांगितलं. अभय म्हणाला, सोमवारी रिलीज आहे, मंगळवारी दिवसभर झोपतो. अक्षतानं त्याला तापाची गोळी दिली, डबा दिला; तिलाही तिच्या ऑफिसात हजर राहायचं होतं. सोमवारी दुपारी तो ऑफिसच्या जिन्यातच खाली बसला. डेंगी होता. डॉक्टरांनी हात टेकले ते गुरुवारी पहाटे. अभय तेहतीस वर्षांचा होता.

पंधरा दिवस माणसं येत होती, जात होती. मग ती यायची थांबली. एका सकाळी गुरुजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. अक्षता कणीक मळत होती.

"रिलीज म्हणजे नक्की काय असतं?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. केलेलं काम गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा दिवस.

"आठवड्यानं केलं असतं तर चाललं नसतं?"

अक्षताच्या हाताला कणीक तशीच चिकटलेली राहिली. "चाललं असतं, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. त्यानंतर त्या आठवड्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. तिनं दिलेल्या गोळीबद्दलही नाही. कोणी बोललं असतं तर तिला बरं वाटलं असतं, असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं.

महिन्याभरात अक्षता कामावर जाऊ लागली आणि साडेतीन वर्षांची पायल गुरुजींच्या हवाली झाली. शालनताईंच्या बोटांची पेरं संधिवातानं सुजलेली. त्यांच्यानं पोरीची वेणी होईना. गुरुजींनी खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधले आणि दोन दिवस वेणी घालायचा सराव केला. तिसऱ्या दिवशी पायल दोन वेण्या घालून बालवाडीत गेली. एक वर, एक खाली. पण सुटल्या नाहीत.

शाळा इंग्रजी माध्यमाची. ती अभयनंच ठरवून ठेवलेली होती, म्हणून गुरुजींनी त्यात बदल केला नाही. पण पोरीची वही त्यांना वाचता येईना. चौकात इंग्रजी संभाषणाचा एक क्लास होता. कॉल सेंटरमध्ये नोकरी हवी असलेली वीस-बावीस वर्षांची मुलं तिथं यायची. सहासष्टाव्या वर्षी गुरुजींनी तिथं नाव घातलं. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या मुलीनं प्रत्येकाला उभं करून ओळख करून द्यायला सांगितली. गुरुजी उभे राहिले आणि म्हणाले, "माय नेम इज सुखदेव ओव्हाळ. आय ॲम इन सीनियर केजी." सगळा वर्ग हसला. हे ते घरी येऊन सांगत होते तेव्हा शालनताई हसल्या, अक्षता हसली. अभय गेल्यानंतर त्या घरात सगळी एकदम हसली ती त्या दिवशी.

असं सगळं चाललं होतं. पायलला सकाळी शाळेत पोचवणं, दुपारी आणणं, भरवणं, निजवणं, संध्याकाळी विहारात नेऊन तिच्याकडून त्रिशरण म्हणून घेणं. नळाला पाणी कुठून येतं, असं तिनं विचारलं म्हणून ते एका रविवारी दोन बस बदलून तिला खडकवासल्याला घेऊन गेले आणि धरणाकडं बोट दाखवून म्हणाले, इथून. अक्षता संध्याकाळी घरी यायची तेव्हा आजोबा-नातीचं काहीतरी भांडण रंगलेलं असायचं. पायल त्यांना सोडून जेवायची नाही. आणि गुरुजी, ज्यांना सदतीस वर्षांत कोणी वर्गात मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं, ते तिच्यापुढं घोडा होऊन खोलीभर रांगायचे.

मग एके दिवशी एक साधीच गोष्ट घडली. अक्षता खाली स्कूटी लावत होती. पलीकडं बाकावर गुरुजी आणि शेजारचे दिगंबर साळवे बसले होते. साळवे माणूस वाईट नव्हता. तोंडात येईल ते बोलायचा, इतकंच.

"गुरुजी, एका परीनं तुम्ही नशीबवान," साळवे म्हणत होते. "मुलगा गेला, ते वाईटच. पण सून सोन्यासारखी. तिचा पगार घरात, नात मांडीवर. म्हातारपणाची सोय लागली तुमच्या."

गुरुजींकडं अशा बोलण्याला नेहमी एखादं तिरकं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. अक्षता स्कूटीच्या आडून वाट बघत राहिली, पण ते गप्पच. दुसऱ्या दिवसापासून ते बाकावर बसायला गेले नाहीत.

आठ-दहा दिवसांनी सकाळी आतल्या खोलीत आवरताना तिला बाहेरचं बोलणं ऐकू आलं. दोन खोल्यांच्या घरात ऐकू न येण्यासारखं काही नसतं.

"अहो, मग पोरगी जाईल," शालनताई म्हणत होत्या.

"जाईल."

"आणि आपण काय करायचं?"

"आपलं करून झालंय, शालन. तिचं व्हायचंय."

त्यानंतर शालनताई नवऱ्याशी अकरा दिवस बोलल्या नाहीत. ताट वाढायच्या, पाणी द्यायच्या, पण शब्द नाही. त्या कशावरून रुसल्या आहेत हे अक्षताला नीटसं कळलं नव्हतं. कळलं ते एका रविवारी संध्याकाळी. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच बाहेर पडले होते. परत आल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं आणि सांगितलं, की ते बौद्ध वधू-वर मेळाव्याला जाऊन आले, तिच्यासाठी.

मेळाव्यात मुलींचे बाप एकेक करून माइकवर यायचे. गुरुजींची पाळी आली तेव्हा त्यांनी खिशातून कागद काढला आणि पहिलंच वाक्य वाचलं, की उपवर मुलगी माझी सून आहे. मग त्यांनी बाकीचं वाचलं. शिक्षण, नोकरी, वय बत्तीस. एक मुलगी, सहाव्या वर्षात, हुशार, हट्टी. मुलीसह घर देणाऱ्यांनीच पुढं यावं. मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, आणि तुमचं काय गुरुजी? ते म्हणाले, मी या स्थळात नाही.

अक्षता ऐकता ऐकता उठून उभी राहिली होती. तिला न विचारता, तिच्या आईला न कळवता. तिनं त्या घरात आवाज कधी चढवला नव्हता, तो त्या दिवशी चढला. "तुम्हाला मी जड झाले का, बाबा?"

गुरुजींनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला.

"जड नाही झालीस," ते म्हणाले. "सवय झालीस. ते जास्त वाईट."

तिला त्याचा अर्थ त्या वेळी लागला नाही. राग मात्र आला, आणि तो बरेच दिवस टिकला.

राकेश गणवीरचं स्थळ त्या मेळाव्यातूनच आलं. नागपूरचा, सदतीस वर्षांचा, पहिलं लग्न मोडलेलं, खराडीला नोकरी. दोनदा भेटूनही अक्षताचं काही ठरेना. माणूस कमी बोलायचा. गुरुजींनी त्याला तिसऱ्यांदा बोलावलं ते खडकवासल्याला, पायल आणि अक्षतासह, आणि गाडीनं नव्हे, बसनं. सिंहगड रस्त्यावर पायलला बस लागली आणि ती राकेशच्या अंगावर ओकली. त्यानं आधी तिचं तोंड पुसलं, मग फ्रॉक, मग बाटलीतलं पाणी तिला चूळ भरायला दिलं. स्वतःच्या शर्टाकडं त्याचं लक्षच गेलं नाही. गुरुजी पुढच्या सीटवर बसले होते. एकदाही वळले नाहीत. पण ड्रायव्हरच्या आरशातून ते सगळं बघत होते, हे अक्षतानं पाहिलं. धरणावर पायलनं राकेशला कणीस खाता खाता बजावलं, की नळ उघडा ठेवायचा नाही, हे पाणी इथून येतं. त्यानं अगदी गंभीरपणे कबूल केलं. उतरताना गुरुजी अक्षताला एवढंच म्हणाले, "पोर आजारी पडलं की माणूस कळतो. बाकी तू ठरव."

तिनं ठरवलं. नऊ सालच्या मे महिन्यात विहारात लग्न झालं. पांढरी साडी शालनताईंनी स्वतः निवडून आणली. नेसवताना त्यांच्या सुजलेल्या बोटांना निऱ्या धरवत नव्हत्या, तरी त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. "माझ्या अभयचं नाव पोरीच्या नावापुढं राहू दे," त्या म्हणाल्या. "मी दुसरं काही मागत नाही." अक्षतानं शब्द दिला आणि राकेशनं तो पाळला. पायल अभय ओव्हाळ ती तशीच राहिली. पण राकेशला पप्पा म्हणायचं, हे तिला गुरुजींनी लग्नाच्या आधीच शिकवून ठेवलं होतं. दोन दिवस ते तिच्याकडून घोकून घेत होते.

वर्षभर बरं चाललं. बिऱ्हाड खराडीला, पण पायल दिवसभर आजी-आजोबांकडंच. मग राकेशच्या कंपनीनं त्याला बंगळूरला जायला सांगितलं. पुणं सोडायचं नाही, ही गुरुजींची लग्नाआधीची एकमेव अट होती. राकेश ती विसरला नव्हता. दुसरी नोकरी शोधतो, म्हणाला. दिवस मंदीचे होते; लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. गुरुजींनी त्याला घरी बोलावून घेतलं आणि अट मागं घेतली. अट पायलच्या भल्यासाठी होती, ते म्हणाले, आता तिचं भलं तिकडं असेल तर अट तिकडं न्या.

निघायच्या दिवशी सात वर्षांच्या पायलनं खिडकीचे गज धरले. राकेशनं समजावलं, अक्षतानं ओरडून पाहिलं. हात काही सुटेनात. गुरुजी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"दिवाळी झाली की मी आणि आजी तिकडंच येणार राहायला," ते म्हणाले. "तू पुढं जाऊन आमच्यासाठी जागा धरून ठेव."

पायलनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं आणि हात सोडले. गुरुजी पोरांशी खोटं बोलत नाहीत, हे तिला माहीत होतं. अक्षतालाही माहीत होतं. जिना उतरताना तिला मागं वळून बघायचं धाडस झालं नाही.

बंगळूरच्या घरात पायलनं तिच्या खोलीतला एक कोपरा धरून ठेवला. तिथं टेबल ठेवू देईना, कपाट ठेवू देईना. दिवाळी गेली. जानेवारी गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस अक्षता ऑफिसातून आली तर त्या कोपऱ्यात पायलची सायकल उभी होती. ती तिनं स्वतःच आणून लावली होती. त्यानंतर पुण्याहून फोन आला की ती कुठंतरी खेळायला गेलेली असायची. असली तरी मान हलवायची, नको म्हणून.

गुरुजी एकदाच, एकटेच, बंगळूरला आले, बारा सालच्या जानेवारीत, आठ दिवसांसाठी. पायल नऊ वर्षांची होत आली होती. पोहायला जायची, नाचाच्या क्लासला जायची, मैत्रिणींशी इंग्रजीत नाही तर हिंदीत बोलायची. पहिल्या दिवशी गुरुजी पायजमा आणि स्वेटर घालून तिला स्कूलबसपर्यंत सोडायला गेले. संध्याकाळी ती आईला हळूच म्हणाली, की आबांना सांग ना, खाली नको येऊ, सगळे बघतात. घर तीन खोल्यांचं होतं, पण भिंती तशाच. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आपणहून सांगितलं, की त्यांचा गुडघा दुखतोय, त्यांना खाली उतरवत नाही. रात्रीच्या जेवणाला पायलनं राकेशला काहीतरी दाखवत "पप्पा, सी धिस" म्हणून हाक मारली. गुरुजी हसले, मान डोलावली. मग उठून गॅलरीत गेले आणि वाळत घातलेले, अजून ओलेच असलेले कपडे चाचपत राहिले. शालनला बरं नाही, असं सांगून ते चार दिवस आधीच परतले. शालनताईंना तेव्हा काहीही झालेलं नव्हतं.

झालं ते त्याच वर्षी, पावसाळ्याच्या शेवटी. झोपेतच गेल्या. अक्षतानं गुरुजींना घेऊन जायचा खूप आग्रह केला. दोन खोल्या सोडून एका कोपऱ्यात कशाला येऊ, असं ते म्हणाले आणि विषय संपवला. त्यांनी कोपरा असं सहज म्हटलं की कोणी त्यांना सांगितलं होतं, हे तिला कधीच कळलं नाही. तिनं रोज फोन करायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी तेही बंद करवलं. रविवारी करत जा, रोज माहेरी फोन करणारीचं सासरी लक्ष लागत नाही, म्हणाले. आपण माहेर म्हणालो, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. अक्षताच्या आलं.

चौदा सालच्या फेब्रुवारीत दिगंबर साळव्यांचा फोन आला. गुरुजींनी सांगू नका म्हटलंय, पण मी सांगतोय, असं ते म्हणाले. पोटाचा कॅन्सर होता. दिवाळीपासून गुरुजींना माहीत होतं. दर रविवारी अक्षता विचारायची, तब्येत कशी आहे बाबा, आणि ते वयाप्रमाणे आहे असं सांगायचे.

ती त्याच दिवशी विमानानं पुण्याला आली. दवाखान्याच्या कॉटवर गुरुजी इतके लहान दिसत होते, की ती आधी त्यांना न ओळखता पुढून तशीच गेली. राकेश म्हणत होता, मी पायलला घेऊन लगेच निघतो. पण पायलची वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती, आणि हे गुरुजींनी अक्षताकडून आधीच विचारून घेतलं होतं. "परीक्षा होऊ दे तिची," ते म्हणाले. "वीस दिवसांचा प्रश्न आहे. परीक्षा बुडवून आलेली नात मला नको." डॉक्टर महिना-दीड महिना म्हणत होते. अक्षतानं राकेशला थांबायला सांगितलं.

त्या दिवसांत ती त्यांच्याजवळच होती. पेज भरवायची, अंग पुसायची, पेपर वाचून दाखवायची. ते बातमीतल्या शुद्धलेखनाच्या चुका विचारायचे, छापल्यात का म्हणून. एका दुपारी वॉर्ड शांत होता. ऊन पायापाशी आलं होतं. इतकी वर्षं जे तिनं मनात धरून ठेवलं होतं ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही मला घालवलंत, बाबा. मी कुठं जायचं म्हटलं होतं? मी राहिले असते."

"माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "राहिली असतीस. म्हणूनच."

त्यांनी डोळे मिटले. तिला वाटलं, झोपले. पण ते बोलत होते, थांबून थांबून, छताकडं तोंड करून.

"अभय गेल्यावरची ती तीन वर्षं, अक्षता. माझ्या उभ्या आयुष्यात तितकं सुख मला मिळालं नव्हतं. अभय लहान असताना मी त्याला कधी कडेवर घेतला नाही. शाळा, सायकल, लोकांची पोरं. पायल मला मिळाली ती तो गेला म्हणून. सकाळी उठल्यावर मला आनंद व्हायचा. मुलगा जाऊन वर्ष झालं नाही आणि बापाला आनंद होतोय. हे कुणाला सांगायचं? शालनला सांगता येईना. साळवे बोलला तेव्हा कळलं, की दुसऱ्यांनाही दिसतंय."

अक्षतानं काही म्हणायचा प्रयत्न केला. त्यांनी हात जरासा वर केला, वर्गात करत असतील तसा.

"तुझं दुःख माझ्या सोयीचं झालं होतं. ते मला चालवून घेता आलं असतं. अगदी सहज. म्हणून मग मी मेळाव्याला गेलो."

तिनं त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली, मग पुन्हा एकदा सारखी केली. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं.

त्यानंतर दिवस भराभर गेले. डॉक्टरांचा महिना अठरा दिवसांतच संपला. पायलचे दोन पेपर बाकी होते तेव्हा, सकाळी साडेसातला, गुरुजी गेले. अक्षता त्यांचं तोंड धुवायला पाणी घेऊन आली होती. तिनं आधी राकेशला फोन केला. तो म्हणाला, आम्ही निघतो. ती म्हणाली, हो, निघा. परीक्षेचं कोणीच काही बोललं नाही.

पायल दुपारी पोचली. अकरा वर्षांची, उंच झालेली, केस कापलेले. तिनं लांबूनच आजोबांकडं पाहिलं आणि ती राकेशच्या हाताला धरून उभी राहिली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहाराचा हॉल भरून गेला. लोणी काळभोरची माणसं आली, सोसायटीची आली, आणि कसबा पेठेतली, पन्नाशी-साठीतली, पांढऱ्या केसांची, चौथीतली मुलं आली. एकेक जण उठून बोलत होता. एक कुंभार उठला आणि फार काही न बोलता, हे आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, एवढं सांगून रडत खाली बसला. पायलनं आईला विचारलं, ओटा म्हणजे काय. अक्षतानं तिला सांगितलं. अक्षतालाही बोलायला बोलावलं तेव्हा ती उठली आणि म्हणाली, की माझ्या वडिलांनी मला या घरातून पाठवलं तेव्हा मी त्यांच्यावर रागावले होते. त्यापुढचं तिनं कोणालाच सांगितलं नाही, राकेशलाही नाही. पायलला कधीतरी सांगावं लागेल, हे तिला कळत होतं. पण आपल्याबरोबरची तीन वर्षं एखाद्याच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची होती, आणि त्यानं ती आपल्यासाठीच सोडून दिली, हे ऐकायला अकरा हे वय फार लहान होतं.

परतताना विमानात पायल खिडकीपाशी बसली होती. तीन-चार दिवसांत ती रडली नव्हती, आजोबांबद्दल काही विचारलंही नव्हतं. विमान वर आल्यावर ती एकदम म्हणाली, "आबा फोनवर काय बोलायचे?"

"पहिल्यांदा तुझं विचारायचे," अक्षता म्हणाली. "मी हॅलो म्हणायच्या आधी. दर रविवारी."

पायल बाहेर बघत राहिली. मग अडखळत, शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "मी फोनवर यायला पाहिजे होतं."

अक्षताच्या ओठांवर आलं होतं, की असू दे बाळा, तू लहान होतीस, त्यांना कळत होतं. सगळं खरंही होतं. पण त्या घरात कोणी कोणाला नुसतं बरं वाटावं म्हणून काही सांगितलं नव्हतं, आणि ज्या माणसानं पायलला दिवाळीचं सांगून एकदा तसं केलं, त्याला ते पुरतं भोवलं होतं.

"हो," ती म्हणाली. "यायला पाहिजे होतं."

पायलनं तिच्याकडं वळून पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, लहान झाला, आणि चार दिवस अडून राहिलेलं रडू तिला फुटलं. अक्षतानं तिला जवळ ओढलं. पलीकडच्या सीटवरून राकेशनं पाण्याची बाटली पुढं केली आणि तशीच धरून ठेवली.